घरात तलवार ठेवू का? घरफोडी, रात्रीची गस्त आणि गडचिंचले

नेहमीप्रमाणे हा भाग ज्यांना ऐकायचा नाही, वाचायचाच आहे, त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलतानाचे "म्हणजे काय" आणि "अॅक्च्युअली" काढून टाकलेत. कायद्याबद्दल एका ठिकाणी बोलताना घोळ घातला होता, तो पुस्तक उघडून नीट केलाय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

विषय एका व्हॉइस मेसेजवरून आला. पालघरचा श्रोता आहे, नाव सांगत नाही. तो म्हणतो, "दादा, मागच्या महिन्यात आमच्या पाठीमागच्या बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट फोडले. माझी तारापूर एमआयडीसीत नाइट असते. घरी आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. मशीनवर उभा असतो आणि डोक्यात घरचं दार असतं. घरात काय ठेवू? एक मित्र म्हणतो तलवार ठेव, दुसरा म्हणतो एअरगन घे. तुम्ही कॉम्प्युटरवाले, निदान कॅमेरा तरी कुठला घ्यायचा ते सांगा."

दादा, कॅमेऱ्याचं मॉडेल मी सांगणार नाही, कारण तुझ्या प्रश्नात कॅमेऱ्याचा नंबर चौथा-पाचवा लागतो. आणि तलवारीचा लागतच नाही. का, ते सांगतो.

आधी चोर काय बघतो ते बघू. पेपरच्या पालघर-ठाण्याच्या पानावर एक वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल: बंद घराचा कडीकोयंडा तोडून चोरट्यांनी ऐवज लंपास केला. त्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. "बंद घर" आणि "कडीकोयंडा". घरफोड्याला भांडण नको असतं, रिकामं घर हवं असतं. गणपतीला, दिवाळीला, मे महिन्यात गावाला गेलेली घरं. नवरा-बायको दोघं कामाला, मुलं शाळेत, असं दुपारचं घर. म्हणजे आपल्या भीतीत जो प्रसंग असतो, रात्री दोन वाजता खोलीत उभा असलेला माणूस, तो घडतो, पण चोराच्या दृष्टीने ती त्याची फसलेली योजना असते. त्याला वाटलं होतं घरात कोणी नाही. मुद्दाम माणसं घरात असताना घुसतात तो दरोड्याचा प्रकार वेगळा. कायद्यात पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली की तो दरोडा. तो क्वचित होतो, आणि पाच जणांसमोर तुझी तलवार किती चालेल ते तूच ठरव.

आता कडीकोयंडा. आमच्याकडे आठशे रुपयांचं कुलूप घेतात आणि ते चाळीस रुपयांच्या कोयंड्यात अडकवतात. कोयंडा अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर, तेही पावसाने फुगलेल्या चौकटीत. चोर कुलपाला हातच लावत नाही. पहार घालतो, कोयंडा स्क्रूंसकट उपटून येतो, कुलूप शाबूत. बोईसरच्या बिल्डरांनी दिलेले बरेचसे मूळ दरवाजे असेच आहेत (आमच्याही घरचा होता). तर पहिलं काम: कोयंड्याला स्क्रूऐवजी आरपार जाणारे बोल्ट, नट घराच्या आतल्या बाजूला. लॅचची पट्टी चौकटीत जिथे बसते तिथे तीन-चार इंची स्क्रू, जे लाकूड ओलांडून भिंतीत जातात. आतून रात्रीसाठी एक अडसर. आजोबांच्या घरात दारामागे आडवं लाकूड असायचं ना, तेच. आज त्याचा स्टीलचा अवतार हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दाराला भिंग, साखळी, बाहेर दिवा. सुताराच्या मजुरीसकट हे सगळं एका बऱ्या कॅमेऱ्याच्या किमतीत बसतं.

यातून चोर कायमचा अडतो का? नाही. कुठलंही दार शेवटी फुटतं. पण जे दार अर्ध्या मिनिटात गपचूप उघडत होतं त्याला आता पाच मिनिटं आणि भरपूर आवाज लागतो. तुला विकत घ्यायची आहे ती ही पाच मिनिटं. त्यात आई जागी होते, फोन होतो, शेजारी दिवे लागतात, आणि बहुतेक वेळा चोर पुढच्या बिल्डिंगकडे जातो. (पुढच्या बिल्डिंगचं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर येतो.)

एक बारीक गोष्ट, जी खूप जणांना माहीत नसते. चोर मजल्यावरच्या बाकीच्या फ्लॅटांना बाहेरून कडी घालतात, म्हणजे आरडाओरडा झाला तरी कोणी बाहेर येऊ शकत नाही. बाहेरची कडी काढून टाका, नाहीतर ती फिरणार नाही अशी बांधून ठेवा. आणि वरच्या-खालच्या मजल्यावरच्या निदान दोन घरांचे नंबर आईच्या फोनमध्ये हवेत. फक्त तुझ्या फोनमध्ये असून उपयोग नाही. नाइटला असताना तुझा फोन बहुतेक लॉकरमध्ये असणार.

आणि ग्रिल. इथे जरा थांबतो, कारण आपण पुण्या-नाशकात राहत नाही, तारापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहतो. स्फोटाने काचा हादरणं, वायुगळतीने रात्री डोळे चुरचुरणं बोईसरकरांना नवीन नाही. खिडक्यांना जाड पिंजरे, दाराला तीन कुलपं आणि किल्ली बाबांच्या खिशात, अशा घरात चोर येणार नाही हे खरं, पण आग लागली तर घरातलंही कोणी बाहेर पडणार नाही. निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी फळी हवी. त्याची किल्ली खिडकीतून हात घालून मिळणार नाही, पण अंधारात आईला सापडेल अशा खिळ्यावर. दारही आतून चावीशिवाय उघडलं पाहिजे.

दुसरं काम, प्लॅन. तारापूरला अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून आहे आणि त्याच्या आसपासच्या गावांत आणीबाणीची रंगीत तालीम होते. त्या तालमीत कोणाला शूरपणा करायला सांगत नाहीत. घरात जा, दारं-खिडक्या लावा, सूचनेची वाट बघा. कोणी कुठे जायचं, कोणी कोणाला कळवायचं, हे आधीच ठरलेलं असतं. घरासाठी तेवढंच हवं. खट्ट झालं तर बायको मुलीला उचलून आईच्या खोलीत जाणार. त्या खोलीच्या दाराला आतून भक्कम कडी. आई फोन करणार, बायको खिडकीतून ओरडणार. कोणीही "बघून येते" म्हणून हॉलमध्ये जाणार नाही. बाहेर जाण्याचा रस्ता मोकळा दिसला तर चोर तो पकडतो. त्याला कोंडू नका.

फोन ११२ ला. इथे एक खाचखळगा आहे. हा कॉल बोईसर किंवा पालघरच्या ठाण्यात पडत नाही. तो आधी राज्याच्या केंद्रात जातो, नवी मुंबईला किंवा नागपूरला, आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. फोन उचलणाऱ्याला "खैरा फाट्याच्या पुढे, आपल्या त्या मेडिकलच्या मागे" हे कळणार कसं? जिल्हा, तालुका, गाव, रस्ता, बिल्डिंग, मजला, हे या क्रमाने एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. मुलीलाही तो पत्ता गाण्यासारखा पाठ करायला लावता येईल, चार वर्षांची मुलं तर जाहिराती पाठ करतात.

आता तलवार. दादा, तू नाइटला असतोस. एखाद्या रात्री प्लांट बंद पडतो, तुला दोन वाजता सोडतात. फोनची बॅटरी संपलीय. तू स्वतःच्या किल्लीने दार उघडतोस, सगळे झोपलेत म्हणून दिवा न लावता, चप्पल हातात घेऊन आत येतोस. आणि आत तुझ्या बायकोच्या उशाशी, तूच आणून दिलेली तलवार आहे. वर्षभरात रात्री अवेळी तुमच्या घरात शिरणारा सगळ्यात नेहमीचा माणूस तू स्वतः आहेस. दुसरा नंबर बाथरूमला उठलेल्या आईचा. घरात धारदार हत्यार म्हणजे अशा प्रत्येक रात्री होऊ शकणारा अपघात, शिवाय शस्त्र कायद्याच्या कटकटी, शिवाय चोराने हिसकावलं तर त्याच्या हातात आयतं हत्यार. त्यापेक्षा जोरदार टॉर्च आणि शिट्टी. आणि घरी यायच्या आधी फोन करायचा किंवा बेल ठरावीक पद्धतीने वाजवायची, हा नियम.

कॅमेऱ्याकडे येतो, कारण ते माझं क्षेत्र. मी घरी एक मोशन अलर्टवाला कॅमेरा लावला होता. पहिल्या आठवड्यात रात्रीला तीस-चाळीस नोटिफिकेशन. मांजर, पाऊस, पेपरवाला, हवेने हलणारी टॉवेलची दोरी. दहाव्या दिवशी मी नोटिफिकेशन बंद केली. म्हणजे कॅमेरा आहे, पण अलार्म नाही. आमच्या कामात सर्व्हरवर असंच होतं. खोटे अलर्ट जास्त झाले की माणूस खऱ्याकडेही बघत नाही.

यामागचं गणित आहे आणि ते कॅमेऱ्यापुरतं नाही, म्हणून सांगतो. आकडे माझे काल्पनिक आहेत, फक्त हिशेब समजण्यासाठी. समजा तुमच्या गल्लीतून वर्षभरात रात्री दहा हजार वेळा अनोळखी माणूस जातो. बोईसरला तीन पाळ्या चालतात, अर्धं गाव बाहेरून आलेलं, त्यामुळे हा आकडा जास्त वाटायचं कारण नाही. त्यात खरा चोर पाच वेळा. आता समजा तुम्ही चोर ओळखण्यात इतके हुशार आहात की नव्वद टक्के वेळा बरोबर ठरता. म्हणजे पाचातले साडेचार चोर पकडाल. शाब्बास. पण उरलेल्या ९,९९५ भल्या माणसांपैकी दहा टक्के, म्हणजे जवळजवळ हजार जणांवरही तुमचा संशय जाईल. तुम्ही ज्यांना "चोर" म्हणून अडवाल त्यांत एका खऱ्यामागे दोनशेवर निरपराध. नव्वद टक्के हुशार असून! आणि रात्री दीड वाजता घाबरलेला माणूस नव्वद टक्के बरोबर असतो, असं मला तरी वाटत नाही.

कॅमेरा चुकला तर माझी झोप मोडते. माणसांचा घोळका चुकला तर काय होतं, ते मी थोडक्यात बघितलंय.

एप्रिल २०२०, पहिलं लॉकडाऊन. माझ्या नोकरीला वर्षही झालं नव्हतं, कंपनीने घरून काम दिलं म्हणून बोईसरला आलो होतो. तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच चाललं होतं. रात्री टोळ्या फिरताहेत, दारं वाजवताहेत, मुलं पळवताहेत, किडन्या काढताहेत. प्रत्येक मेसेज "आत्ताच आमच्या बाजूच्या पाड्यात" असा. आमच्या गल्लीत पंधरा-वीस पोरांनी गस्त सुरू केली. मीही जायचो, बॅट घेऊन. खरं सांगायचं तर मजा यायची. दिवसभर घरात कोंडलेले, रात्री सगळे भेटायचो, चहा व्हायचा, आणि आपण काहीतरी मोठं काम करतोय असं वाटायचं.

एका रात्री दीडच्या सुमारास कोपऱ्यावर एक माणूस दिसला. हातात पिशवी. आम्ही टॉर्च मारले, तो पळाला. पळाला म्हणजे चोरच. आम्ही मागे. पन्नास पावलांवर धरला. त्याला बोलता येईना, धड हिंदीही येत नव्हतं. कोणीतरी थोबाडीत दिली, कोणीतरी पिशवी उलटी केली. डबा, टॉवेल आणि एका औषध कारखान्याचं ओळखपत्र. औषधाचे कारखाने बंद नव्हते. रिक्षा बंद होत्या, म्हणून तो दुसरी पाळी संपवून, थोडा जास्त थांबून, चालत घरी निघाला होता. का पळालास, असं विचारलं, तर म्हणाला, तुम्ही वीस जण काठ्या घेऊन धावत आलात.

त्याला सोडलं, पाणी दिलं. मी त्याला मारलं नाही. पण ज्याने मारलं त्याला मी थांबवलंही नाही, आणि बॅट माझ्या हातात होती. ओळखपत्र त्या दिवशी तो घरी विसरला असता तर पुढे काय झालं असतं, हे मला खरंच सांगता येत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गडचिंचले घडलं.

बोईसरहून चिल्हार फाट्याला हायवे पकडा, उत्तरेला चारोटी नाका, तिथून कासा, आणि कासाहून आत जंगलाच्या रस्त्याने दादरा-नगर हवेलीच्या हद्दीकडे गेलं की डहाणू तालुक्यातलं हे आदिवासी गाव. १६ एप्रिल २०२० च्या रात्री जुना आखाड्याचे दोन साधू, एक सत्तरीचे, एक पस्तिशीचे, कांदिवलीहून सुरतला निघाले होते, गुरूच्या अंत्यविधीला. गाडी चालवणारा तिशीचा तरुण. लॉकडाऊनमध्ये हायवेने जाता येईना म्हणून आतला रस्ता धरला. गडचिंचल्याच्या वनखात्याच्या नाक्यावर गाडी अडली. चोर आले, ही हाक फिरली, जमाव जमला. पोलीस आले, तरी जमाव हटला नाही. पोलिसांच्या गाड्याही फोडल्या. त्या म्हाताऱ्या साधूचा, पोलिसाचा हात धरून चौकीतून बाहेर येतानाचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. तिघेही मारले गेले.

पुढे त्याला धर्माचा रंग द्यायचा प्रयत्न झाला. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लिम नसल्याचं सांगितलं. काही पोलीस आधी निलंबित आणि मग बडतर्फ झाले, तपास सीआयडीकडे गेला. राजकारणावर तासन्‌तास चर्चा झाली. माझ्या डोक्यात राहिली ती वेगळीच गोष्ट. ते लोक त्या रात्री जागे होते ते घर राखायला. आम्हीही त्याच कारणाने जागे होतो.

आणि त्यांचं जागणं आमच्यापेक्षा जास्त समजण्यासारखं होतं. आमच्याकडे सिमेंटची भिंत आणि वॉचमन. डहाणू-जव्हारच्या पाड्यांवर बरीच घरं कुडाची, कारवीच्या काठ्या आणि शेणमातीचा लेप. अशा भिंतीला आरपार बोल्ट कुठे बसवणार? कुलूप लावून फायदा काय? तिथे घराचं रक्षण म्हणजे कुत्री आणि माणसं, एवढंच. पोलीस ठाणं लांब, रस्ता डोंगरातला, लॉकडाऊनमध्ये गाडी नाही. रात्री जागायचं ठरवणं यात चूक काहीच नव्हती. चूक पुढच्या पायरीत होती. हाक आणि हल्ला यांच्या मध्ये "हे कोण आहेत" हे तपासायची पायरीच नव्हती. इशारा तर आधीच मिळाला होता. दोनच दिवस आधी कासा भागातच एका डॉक्टरच्या आणि पोलिसांच्या पथकावर अशाच जमावाने हल्ला केला होता. तेवढ्यावर प्रत्येक पाड्यात पोलीस पाटलाने आणि सरपंचाने बसून दोन नियम ठरवले असते, तर?

शंभरावर लोकांना अटक झाली, त्यात अल्पवयीन मुलंही होती. बाकीचे पुरुष भीतीने रानात लपले. घर राखायला निघालेल्यांच्या घरात कित्येक दिवस राखायला पुरुष माणूस उरला नाही.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, साक्री तालुका, रविवारचा बाजार. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी म्हणून त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारलं. पाचही जण गेले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. ७ एप्रिल २०२० ला खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. गडचिंचल्याच्या नऊ दिवस आधी! सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे लागतं. आम्हाला वाटतं कोडमध्ये एक अट घातली की प्रश्न सुटला. पण "चोर आले" ही हाक एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला इंटरनेट लागतच नाही.

संशय कोणावर जातो हेही बघा. डवरी गोसावी, पारधी, फिरस्ते, भाषा न येणारे कामगार. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ ला गेला, नजर गेली नाही. आमच्या गल्लीत तो कामगार मराठी बोलला असता तर थोबाडीत बसली नसती, एवढं मला नक्की वाटतं.

आता कायदा. "घरात घुसलेल्याला मारलं तर आपणच आत जाऊ" आणि "घरात घुसला की काहीही करता येतं", अशी दोन्ही वाक्यं मी कट्ट्यावर ऐकलीत. दोन्ही चूक. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. आधी तो भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ मध्ये होता. स्वतःचं शरीर, दुसऱ्याचं शरीर आणि मालमत्ता वाचवायचा हक्क प्रत्येकाला आहे. मृत्यूची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही हा हक्क जातो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी यांतही. म्हणजे तुझी बायको रात्री घुसलेल्या माणसावर कुकर फेकते तेव्हा कायदा तिच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्पष्ट म्हटलंय की जीव धोक्यात असलेल्या माणसाकडून सोनाराच्या काट्यावर तोलून प्रतिकार करण्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

पण कलम ३७ ची मर्यादा आहे. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा नाही. घुसलेला माणूस पळाला, पडला, धरला गेला, बांधला गेला, की धोका संपला. त्यानंतरची प्रत्येक लाथ हा बचाव राहत नाही, गुन्हा होतो. गडचिंचले, राईनपाडा आणि आमची गल्ली, तिन्हीकडे धरलेला माणूस घेरलेला होता. त्यात वंश, जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून खून केला तर कलम १०३ (२) नुसार प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा आहे. "मी नुसता उभा होतो" हे तिथे सिद्ध करत बसावं लागतं.

मग धरायचंच नाही का? धरता येतं. नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये सामान्य माणसालाही अटक करता येते, पण गुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर झाला असेल आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र असेल तरच. आणि विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. रस्त्यात दिसला, अनोळखी आहे, पळाला, यातला कुठलाही गुन्हा नाही.

आता मघाचा प्रश्न, पुढच्या बिल्डिंगचं काय. एकट्याने दार मजबूत करून पुरत नाही, म्हणून गस्त हवीच. मी गस्तीच्या विरोधात नाही. राज्यात अनेक गावांत ग्रामसुरक्षा दलं चांगली चालतात. नाशिक, नगर, पुण्याकडे फोनवरची ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका नंबरवर बोललं की तोच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर कॉल होऊन वाजतो. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की निरोप कोणाचा हे कळतं. "फॉरवर्डेड" असा अनाथ मेसेज नसतो. खोटा निरोप दिला तर माणूस सापडतो.

आमच्या गल्लीत आता गस्त परत सुरू झाली आहे, सणासुदीपुरती. या वेळी आधी ठाण्यात जाऊन नावं दिली. बीटच्या हवालदारांचा नंबर घेतला. एका वेळी चारच जण, वीस नाही. वीस जणांत कोणीच जबाबदार नसतो. चारांतला एक मोठा माणूस, आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक काका येतात, त्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही. कोणी दिसलं तर लांबून टॉर्च, पण तोंडावर नाही, आणि धावायचं नाही. विचारायचं, "भाऊ, कुठे जायचंय?" उत्तर पटलं नाही तर एकाने ११२ लावायचा, बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. हात कोणी लावायचा नाही, घोळका करायचा नाही, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही. आणि ग्रुपवर काही लिहायचं तर "मी स्वतः पाहिलं" किंवा "मी ऐकलं", यापैकी एक शब्द आधी लिहायचा. हा शेवटचा नियम माझा. पहिल्या आठवड्यात लोक वैतागले. मग "मी ऐकलं" लिहायची लाज वाटायला लागली, आणि मेसेज निम्म्यावर आले.

घोषणा केली की शिफ्टवाल्यांनी रात्री गळ्यात ओळखपत्र दिसेल असं ठेवावं. काकांनी त्याला विरोध केला. म्हणाले, स्वतःच्या घरी जायला त्याने कागद का दाखवायचा? मला ते पटलं, नियम काढला. त्याऐवजी आम्ही गल्लीच्या तोंडाशी दोन एलईडी दिवे लावले, म्हणजे येणारा आम्हाला दिसतो आणि आम्ही त्याला.

तर दादा, तुला पाठवलेल्या उत्तरात मी एवढंच लिहिलं होतं: या रविवारी सुतार, फ्रिजवर पत्ता, शेजारच्यांचे दोन नंबर, बेलची खूण, आणि बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये हे गस्तीचे नियम वाचून दाखव. त्याचा परवा फोन आला. बोल्ट बसले, अडसर बसला, बायको खूश. फक्त अडसर इतका घट्ट आहे की आईला आतून काढता येत नाही. त्याला म्हटलं, उद्याच सुताराला परत बोलाव. आज रात्रीपुरता अडसर लावू नकोस, नुसती कडी घाल.